मॅनेज्ड स्विचवरचे अलर्ट: नागपुरात नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

शाळा, दवाखाना, बुटीबोरी किंवा हिंगण्यातला कारखाना, कळमन्याकडचं गोदाम: जिथे दोन-चार मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारे, सेटिंग बदलता येणारे डबे) आहेत आणि ते सांभाळायला एखादाच माणूस आहे, अशा ठिकाणांसाठी ही उत्तरं आहेत. मेनूंची नावं कंपनीगणिक बदलतात, आतलं तत्त्व सगळीकडे एकच असतं.

स्विच मॅनेज्ड आहे, चांगला महागाचा आहे. मग बिघाड झाला तरी तो आपणहून काही सांगत का नाही?

कारण कोणाला सांगायचं ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पोर्ट (केबल लावायची जागा) पडला, पंखा थांबला, कोणी चुकीचा पासवर्ड टाकला, हे सगळं स्विचला कळतं आणि तो त्याची नोंदही करतो. पण ती नोंद बहुतेक स्विचांत रॅममध्येच राहते आणि लाईट गेली की पुसली जाते. म्हणजे जी नोंद सगळ्यात जास्त हवी असते, तीच हाताला लागत नाही.

सुरुवात नावापासून करा. प्रत्येक स्विचमध्ये नाव आणि ठिकाण असे दोन रकाने असतात. तिथे ‘स्विच-१’ लिहून कोणाचंच भलं होत नाही. ‘सदर भागातलं ऑफिस, पहिला मजला, जिन्याजवळचा रॅक’ असं लिहा. रात्री दोन वाजता अलर्ट वाचणारा माणूस अर्धवट झोपेत असतो, त्याला जागा शोधायला लावू नका. या रकान्यांत देवनागरी चालत नाही, मजकूर रोमन लिपीत टाकावा लागतो. पोर्टांनाही तशीच नावं द्या: कोणता पोर्ट वरच्या स्विचला जातो, कोणता गेटवरच्या कॅमेऱ्याला.

ट्रॅप, सिसलॉग, पोलिंग, ईमेल… यातलं नेमकं काय लावू?

पोलिंग म्हणजे तुमचा मॉनिटरिंग सर्व्हर दर काही मिनिटांनी एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या यंत्रांची खबर घेण्याची ठरलेली पद्धत) स्विचला विचारतो, ‘कसा आहेस?’ त्यासाठी यूडीपी पोर्ट १६१ लागतो (यूडीपी ही निरोप पाठवण्याची एक पद्धत, आणि इथे पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, निरोपाच्या दाराचा क्रमांक). ट्रॅप म्हणजे घटना घडताच स्विचने स्वतःहून सर्व्हरला पाठवलेला निरोप, तो यूडीपी १६२ वर जातो. सिसलॉग म्हणजे स्विचच्या नोंदवहीतली ओळ जशीच्या तशी दुसरीकडे पाठवणं, सहसा यूडीपी ५१४ वर.

एकच निवडायचं असेल तर पोलिंग निवडा. ट्रॅप आणि सिसलॉग यांना स्विच जिवंत असावा लागतो. मेलेला स्विच ट्रॅप पाठवत नाही, आणि ट्रॅप आला नाही म्हणून आपण समजतो की सगळं ठीक आहे. पोलिंगमध्ये उत्तर न येणं हीच बातमी असते. त्याच्या जोडीला सिसलॉग लावा, म्हणजे घटनेचं कारण नंतर वाचता येईल. ट्रॅप थोड्याच आणि तातडीच्या गोष्टींसाठी ठेवा. स्विचमधून थेट ईमेल हा पर्याय मी सगळ्यात शेवटी धरतो, त्याचं कारण खाली येईल.

ट्रॅप पाठवला म्हणजे तो पोचतोच ना?

खात्री नसते. यूडीपीत पोच मिळत नाही. वाटेत पॅकेट हरवलं तर स्विचलाही कळत नाही आणि तुम्हालाही. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘इन्फॉर्म’ हा प्रकार आहे: सर्व्हरकडून पोच येईपर्यंत स्विच ठरलेल्या वेळा निरोप पुन्हा पाठवतो. तुमच्या स्विचमध्ये ही सोय असेल तर मुख्य लिंकच्या घटनांसाठी वापरा. लूप झालं असेल (केबल फिरून त्याच नेटवर्कात परत आली) किंवा वरची लिंकच तुटली असेल तर मात्र इन्फॉर्मही अडकतो, म्हणून पोलिंगला पर्याय नाही.

व्ही२सी पुरेल की व्ही३ लावायलाच हवं?

या दोन्ही एसएनएमपीच्या आवृत्त्या. व्ही२सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा परवलीचा शब्द) उघड्या मजकुरात जाते, नेटवर्कवर बसून कोणीही ती वाचू शकतो. नव्या बसवणीत व्ही३च लावा, तेही ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं) आणि एन्क्रिप्शन (मजकूर गुप्त करणं) दोन्हींसह. जुना स्विच व्ही३ ओळखत नसेल तर निदान एवढं करा: ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ या कारखान्यातून आलेल्या स्ट्रिंग काढून टाका, लिहिण्याचा अधिकार बंद करा, आणि एसएनएमपीला फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीवरूनच परवानगी द्या. स्विचांचा कारभार वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनवर (त्याच केबलींवरचं वेगळं आभासी नेटवर्क) असेल तर उत्तमच.

कोणकोणत्या गोष्टींवर अलर्ट लावायचे?

इथेच बहुतेक जण गडबडतात. मेनूत पन्नास चौकटी दिसतात आणि सगळ्यांवर टिक मारली जाते. पहिल्या आठवड्यात फोन सतत वाजतो, दुसऱ्या आठवड्यात तो ग्रुप म्यूट होतो, आणि तिसऱ्या आठवड्यात खरा बिघाड त्या ढिगात गाडला जातो.

चौकटीवर टिक मारण्याआधी स्वतःला विचारा: हा निरोप आला तर कोणी उठून काही करणार आहे का? करणार असेल तर अलर्ट लावा. नुसतं माहीत असलेलं बरं, अशी गोष्ट असेल तर ती सिसलॉगमध्ये जाऊ द्या, फोनवर नको.

या कसोटीवर जे उरतं ते साधारण असं. स्विच पोलिंगला उत्तर देत नाही. अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी लिंक) पडली. स्विच रीस्टार्ट झाला (कोल्ड स्टार्ट किंवा वॉर्म स्टार्टचा ट्रॅप). पंखा किंवा पॉवर सप्लाय बंद पडला. तापमान मर्यादेवर गेलं. पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच यंत्राला वीज देण्याचा) कोटा भरत आला. लूपचा संशय आला. ऑथेंटिकेशन फेल्युअरचे ट्रॅप लागोपाठ यायला लागले. एवढ्यावर वर्षभर शांतपणे काम होतं. त्यात तुमच्या जागेची एखादी खास गोष्ट मिळवा, उदाहरणार्थ दवाखान्यात एक्स-रे यंत्राचा पोर्ट.

सीआरसी एररही (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची मोजणी) बघत राहा, पण तातडीचा अलर्ट म्हणून नको, आठवड्याच्या अहवालात. एखाद्या पोर्टवर ते हळूहळू वाढत असतील तर बहुतेक वेळा केबल, कनेक्टर किंवा फॉल्स सीलिंगमधला उंदीर कारणीभूत असतो. तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा ओलांडून ओढलेल्या लाइनही अशाच उघड्या पडतात.

रोज संध्याकाळी सहा वाजता ‘लिंक डाउन’चे ढीगभर मेसेज येतात. काय करू?

लोक घरी जाताना कॉम्प्युटर बंद करतात, दुसरं काही नाही. टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांवर लिंक ट्रॅप बंद करा. अपलिंक, सर्व्हर, वाय-फाय ॲक्सेस पॉइंट, कॅमेरे आणि बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, एवढ्यांवरच चालू ठेवा. ही निवड जवळपास प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये पोर्टनिहाय करता येते.

आमच्या रॅकला एसी नाही. उन्हाळ्यात तापमानाचा अलर्ट किती अंशांवर ठेवू?

नागपुरात या प्रश्नाला टाळाटाळ चालत नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे, आणि नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत गच्चीखालच्या बंद खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षाही तापलेली असते. ऑफिसात वापरले जाणारे बरेच स्विच भोवतालच्या ४५ किंवा ५० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. ही मर्यादा डेटाशीटमध्ये ‘ऑपरेटिंग टेंपरेचर’ या नावाने दिलेली असते. म्हणजे मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत आपण त्या रेषेवरच उभे असतो.

आता सेन्सरचं. स्विचच्या आतला सेन्सर सर्किटजवळचं तापमान सांगतो, ते खोलीच्या तापमानापेक्षा बरंच जास्त दिसतं. त्यामुळे दुसऱ्याच्या स्विचवरून ऐकलेला आकडा आपल्याकडे लावू नका. एप्रिलमध्ये आठवडाभर दुपारी तीनचे आकडे नोंदवा, खोलीत साधा थर्मामीटर टांगून दोन्हींतला फरक काढा, आणि कंपनीने दिलेल्या धोक्याच्या पातळीच्या आठ-दहा अंश आधी पहिली सूचना येईल असं ठेवा. दुसरी सूचना धोक्याच्या पातळीवर, आणि ती फोन वाजवणारी असावी.

रॅकच्या खोलीला कूलर लावण्याचा मोह आपल्याकडे सगळ्यांना होतो. कृपा करून लावू नका. कूलर हवेत दमटपणा सोडतो, खारं पाणी असेल तर क्षार बसतात, आणि जूनच्या मध्यानंतर तो थंडावाही देत नाही. एक्झॉस्ट पंखा, रॅकच्या जाळीची महिन्याला सफाई आणि दुपारी दार उघडं, याने जास्त फरक पडतो. कारखान्याच्या शेडमध्ये, जिथे पत्र्याखाली रॅक आहे, तिथे उणे ४० ते ७५ अंशांचा औद्योगिक स्विचच घ्या. तो महाग पडतो, पण दरवर्षी मेमध्ये लाइन बंद पडण्याच्या तुलनेत स्वस्तच.

कॅमेरे दिवसा नीट चालतात, रात्री काही बंद पडतात. स्विच खराब आहे का?

आधी पीओईचा हिशेब मांडा. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि प्रत्येक कॅमेरा जास्त वीज ओढतो. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, ८०२.३एटीमध्ये ३० वॅटपर्यंत. पण स्विचचा एकूण कोटा वेगळा असतो. २४ पोर्टांचा ३७० वॅटचा स्विच सगळ्या पोर्टांना १५.४ वॅट देऊ शकतो, ३० वॅट देऊ शकत नाही, त्यासाठी ७२० लागतील. कोटा संपला की ज्या पोर्टाची प्राथमिकता कमी, त्याची वीज आधी कापली जाते.

एकूण वापराचा थ्रेशोल्ड (सूचनेची मर्यादा) ८० टक्क्यांवर ठेवा आणि गेट, तिजोरी, औषधांची खोली या पोर्टांची प्राथमिकता वर करा. सूचना संध्याकाळी सातला आली की कारण लगेच कळतं.

लाईट गेली तर स्विच अलर्ट कसा पाठवणार?

स्वतः पाठवणार नाही. काही औद्योगिक आणि टेलिकॉमच्या स्विचांत ‘डाइंग गॅस्प’ नावाची सोय असते: आत साठलेल्या थोड्या विजेवर तो जाता जाता शेवटचा निरोप पाठवतो. साध्या स्विचांत ती सहसा मिळत नाही. त्यासाठी यूपीएसला नेटवर्क कार्ड बसवा. लाईट गेली, बॅटरीवर आलो, बॅटरी इतकी उरली, हे यूपीएस सांगेल.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे अलर्टची पूर्ण वाट बॅटरीवर असली पाहिजे. मॉनिटरिंग सर्व्हर, इंटरनेटचा राउटर आणि फायबर कंपनीने भिंतीवर लावलेला छोटा डबा. तो डबा साध्या प्लगवर असतो आणि तिथेच साखळी तुटते. मे-जूनच्या वादळांत लाईट जाते तेव्हा हे हमखास दिसतं. दुसरा उपाय: इमारतीबाहेरून, एखाद्या क्लाउड सर्व्हरवरून तुमच्या जागेवर नजर ठेवायची. दर पाच मिनिटांनी तुमच्याकडून खूण आली नाही तर तोच तुम्हाला कळवतो. घरातली पूर्ण यंत्रणा झोपली तरी हा जागा असतो.

तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये रॅक असेल तर पाण्याचा सेन्सरही लावा, काही यूपीएस कार्डांना तो जोडता येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. अशा वेळी अर्धा तास आधी मिळालेली सूचना म्हणजे वाचलेला रॅक.

कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या पोर्टांत लावली आणि सगळं ऑफिस ठप्प झालं. हे आधी कळलं असतं का?

लूप काही सेकंदांत पसरतं, त्यामुळे सूचनेआधी बचाव हवा. स्पॅनिंग ट्री (लूप होणारी वाट ओळखून बंद ठेवणारी सोय) चालू ठेवा, टेबलांकडच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (तिथून स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला तर पोर्ट बंद करणारा) लावा, सोबत लूप प्रोटेक्शन आणि स्टॉर्म कंट्रोल (पॅकेटांच्या लोंढ्याला आवर). मग स्विच फक्त तो एक पोर्ट बंद करतो आणि निरोप पाठवायला नेटवर्क जिवंत राहतं. ‘पोर्ट बीपीडीयू गार्डमुळे बंद’ अशा ओळीवर अलर्ट लावा, आणि ‘एकच मॅक ॲड्रेस दोन पोर्टांवर दिसतोय’ या ओळीवरही (मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक). दुसरी ओळ बहुधा टेबलाखाली ठेवलेल्या पाच पोर्टांच्या स्वस्त स्विचकडे बोट दाखवते. पोर्ट आपोआप परत चालू होण्याची वेळ फार कमी ठेवू नका, नाहीतर दर अर्ध्या मिनिटाला तोच खेळ चालतो.

सिसलॉगची पातळी किती ठेवायची?

पातळ्या ० ते ७ असतात: ० सगळ्यात गंभीर, ७ म्हणजे डीबग. तुम्ही जी निवडता ती आणि तिच्याहून गंभीर असलेल्या नोंदी जातात. बरेच जण ४, म्हणजे वॉर्निंग, ठेवून मोकळे होतात. पण सिस्कोच्या स्विचांवर ‘कोणीतरी कॉन्फिगरेशन बदललं’ ही ओळ पातळी ५ ची असते, ती मग कधीच पोचत नाही. मी सर्व्हरकडे ६ पर्यंत सगळं पाठवायला सांगतो आणि गाळणी सर्व्हरवर लावतो. ७ फक्त एखाद्या दोषाचा माग काढताना, तेही थोडा वेळ.

लॉगमध्ये तारीख १९७० ची दिसते!

स्विचला एनटीपीचा (वेळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता द्या आणि टाइमझोन +५:३० करा. स्वस्त स्विचांत घड्याळाची बॅटरीच नसते, रीस्टार्टनंतर वेळ मूळपदावर जाते. वेळ चुकली की कॅमेऱ्याचं फुटेज आणि स्विचची नोंद जुळवता येत नाही.

हा कायद्याचाही विषय आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळती ठेवायची आहेत, लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. स्विचची नोंद रॅममध्येच पुसली जात असेल तर १८० दिवस कुठून आणणार?

एक गिगाबिटच्या लिंकवर ट्रॅफिकचे आकडे मधूनच वेडेवाकडे येतात. का?

सर्व्हर ३२ बिटांचा काउंटर वाचतो आहे. पूर्ण वेगाने चाललेल्या गिगाबिट लिंकवर तो सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही पाच मिनिटांनी वाचता, तोवर तो कितीदा फिरला ते कळत नाही. ६४ बिटांचे काउंटर निवडा. ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाहीत, व्ही२सी किंवा व्ही३ लागतं.

सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की अलर्ट, खाली आला की ‘ठीक’, परत अलर्ट… थांबवायचं कसं?

वरची आणि खालची मर्यादा वेगळी ठेवा. ८० च्या वर गेला की सूचना, आणि ६० च्या खाली आल्यावरच ‘ठीक’. आरमॉन (स्विचमध्येच आकड्यांवर नजर ठेवणारी सोय) असलेल्या स्विचांत हे रायझिंग आणि फॉलिंग थ्रेशोल्ड म्हणून मिळतं. लागोपाठ तीन वाचनांत तसंच दिसलं तरच सूचना द्यायची, ही अट सर्व्हरवर जोडा.

स्विचमधून जीमेलने मेल जात नाही. पासवर्ड तर बरोबर आहे.

दोन कारणं असतात. गुगल आता खात्याच्या साध्या पासवर्डवर अशी यंत्रं आत घेत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. शिवाय जुन्या फर्मवेअरला नवं टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) येत नाही आणि जोडणी आधीच तुटते. त्यात प्रत्येक स्विचमध्ये मेलचा पासवर्ड भरून ठेवणं मला पटत नाही: स्विच भंगारात गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो. स्विचांनी सर्व्हरला सांगावं आणि मेल सर्व्हरने पाठवावा.

एसएमएस की व्हॉट्सॲप?

व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंद) आणि मंजूर टेम्प्लेट लागतात, व्हॉट्सॲपच्या अधिकृत वाटेलाही टेम्प्लेटची मंजुरी लागते. छोट्या ऑफिसाला टेलिग्राम बॉट सगळ्यात सोपा, झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस या दोन्ही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरांत त्याची सोय आहे. इंटरनेटच बंद पडलं तर काय, या भीतीसाठी सर्व्हरला सिमवाला यूएसबी मोडेम जोडून ठेवा.

सर्व्हरसाठी फुकटचं काय चांगलं?

नुसते स्विच असतील तर लिब्रेएनएमएस: पोर्ट, पीओई, तापमान ते आपणहून ओळखतं. सर्व्हर, यूपीएस, ॲप्लिकेशन सगळं एकाच जागी हवं असेल तर झॅबिक्स, मात्र शिकायला वेळ द्यावा लागतो. विंडोजवरच काम करायचं असेल तर पीआरटीजीचे १०० सेन्सर (इथे सेन्सर म्हणजे मोजायची एक गोष्ट) फुकट आहेत. ते पटकन संपतात, प्रत्येक पोर्टाला एक धरला तरी.

मुख्य स्विच पडला की तीस अलर्ट एकदम येतात.

सर्व्हरमध्ये कोण कोणाच्या मागे आहे ते नोंदवा. मुख्य स्विच पडला तर मागच्या सगळ्यांचे निरोप दाबले जातात आणि एकच येतो, जिथे खरंच जायचं आहे तिथला.

सगळं लावलं. चालतंय हे कसं ओळखू?

केबल काढून बघा. सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, अपलिंकला दोन केबल असतील तर त्यातली एक काढा आणि घड्याळ लावून बघा की फोनवर किती वेळात येतं. कम्युनिटी मुद्दाम चुकवून विचारा, ऑथेंटिकेशनचा ट्रॅप आला पाहिजे. काहीच आलं नाही तर सर्व्हरवर पॅकेट कॅप्चर (येणारी पॅकेट टिपणारं साधन) लावा: १६२ वर पॅकेट दिसत असेल तर दोष सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये, दिसत नसेल तर स्विचमध्ये किंवा वाटेत. आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करा. चालू कॉन्फिगरेशन आणि कायमचं कॉन्फिगरेशन वेगळं असतं, सेव्ह न केलेली मेहनत पुढच्या वेळी लाईट गेल्याबरोबर जाते.

सुट्टीत अलर्ट कोणाकडे जावा?

नाव घेऊन ठरवा. ‘आयटी ग्रुप’ला गेलेला अलर्ट प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाहिला असेल. आठवड्याचा एक माणूस, त्याने पंधरा मिनिटांत ‘पाहिलं’ असं दाबलं नाही तर दुसरा. तान्हा पोळा, दिवाळी यांची पाळी आधीच लावा. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स भागात पोचायला वेळ लागतो, म्हणून दुरून पोर्टची पीओई बंद-चालू करण्याचा अधिकार त्या माणसाकडे असू द्या. अडकलेला ॲक्सेस पॉइंट तेवढ्याने बऱ्याचदा सुरू होतो.

जळालेल्या स्विचच्या जागी तसाच नवा लावला, कॉन्फिगरेशनही तेच टाकलं, तरी व्ही३चे ट्रॅप येत नाहीत.

इंजिन आयडी (व्ही३मधला स्विचचा ओळख क्रमांक) बदलला. तो सहसा मॅक ॲड्रेसवरून बनतो, आणि व्ही३च्या ट्रॅपमध्ये सर्व्हर पाठवणाऱ्या स्विचच्या इंजिन आयडीवरूनच वापरकर्त्याची किल्ली जुळवतो. सर्व्हरकडे जुनाच आयडी असेल तर नवे ट्रॅप तो काही न सांगता टाकून देतो. पोलिंग मात्र बऱ्याचदा चालत राहतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या स्विचचा इंजिन आयडी सर्व्हरवर नोंदवा, वापरकर्त्याचे पासवर्ड स्विचमध्ये पुन्हा भरा, कारण साठवलेली किल्लीही जुन्या आयडीशी बांधलेली असते, आणि एका पोर्टाची केबल काढून ट्रॅप येतो का ते तिथेच उभं राहून बघा.